बोंब बंद झाली त्या वर्षी

आमच्या मोरथळच्या बायका तोंडाळ. हे मी बढाई म्हणून सांगत नाही आणि लाज म्हणूनही नाही. मला लाज वाटली तेव्हा काय झालं, तेच तर सांगायचंय.

मोरथळ आणि भोंडेवाडी या दोन गावांच्या मधून एक ओढा जातो. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहायच्या आणि तासभर एकमेकींना शिव्या घालायच्या. पदर खोचून, हातवारे करून, हलगीच्या तालावर. याला आमच्याकडे 'बोंब' म्हणायचे. पुरुषांनी मागं उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. तास संपला की हलगी थांबायची आणि त्याच बायका गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाऊन एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या खायच्या.

आमच्या बाजूची मुख्य गायिका म्हणजे गोदाकाकू. माझी सख्खी चुलती. वय साठ, वजन चाळीस किलो आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करायची.

"ए भोंडेवाडीच्या टवळ्यांनो! तुमच्या सरपंचाच्या भावानं आमच्या चारीला भोक पाडलं, त्याच्या धोतराला पडंल भोक!"

"अगं जा गं कैदाशिणे! तुझ्या लेकानं आमच्या बांधावरची बाभळ तोडली, तुझी चूल तरी पेटली का तिच्यावर?"

हसून हसून पोट दुखायचं. पण मागं उभे असलेले पुरुष हसत नसत, ते ऐकत असत. पाण्याच्या चारीचं भोक संध्याकाळपर्यंत बुजलेलं असायचं. बाभळीबद्दल कुणीतरी मुकाट्यानं चार फाटे लाकूड पोचवून यायचं. वर्षभराचं मनातलं सगळं त्या एका तासात बाहेर पडायचं, आणि बायकांच्या तोंडून पडायचं म्हणून कुणाच्या मानापमानाचा प्रश्न यायचा नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, भोंडेवाडीला दिली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती पलीकडच्या काठावर उभी राहिली आणि आमच्याकडे बोट करून ओरडली, "ए हर्षे, शेंबडे! माझी निळी ओढणी चोरून पुण्याला पळालीस, तुझा मुडदा बशिवला तुझा!" अख्ख्या ओढ्यासमोर! मी लाजेनं लाल. तासाभरानं ती पाण्यातून आली आणि आपल्या हातानं मला पोळी भरवली. माझा भाऊ नंदू आणि तिचा नवरा, आमचे दाजी, झाडाखाली बसून एकाच ताटात जेवले.

हे असं होतं. आता माझ्या कर्तबगारीकडे येते.

मी पुण्यात एका संशोधन केंद्रात कामाला लागले. तिथं 'शमन' नावाची यंत्रणा तयार होत होती. टोळ्यांच्या मारामाऱ्यांपासून देशादेशांच्या युद्धांपर्यंत जगातल्या चौदा हजार भांडणांच्या नोंदी तिला भरवल्या होत्या. प्रश्न साधा होता, माणसं का लढतात? जमीन, पाणी, धर्म, अपमान ही कारणं तर सगळीकडे बारा महिने असतात, पण युद्ध काही बारा महिने होत नाही. एकाच तळ्यावरून दहा वर्षं धुसफुसणारी गावं अकराव्या वर्षीच का पेटतात? आमचे प्रमुख डॉ. पळसुले म्हणायचे, "वाळलेलं गवत मोजून उपयोग नाही. ठिणगी मोजा." आणि ठिणगी, त्यांच्या मते, बोलण्यात असते. पेटण्याआधी माणसं दुसऱ्या बाजूविषयी जास्त कडवट, जास्त हिंसक बोलू लागतात.

म्हणून गावोगावी खांब उभे राहिले. खांबावर ध्वनिग्राहक, त्याखाली एक दिवा. लोक त्याला 'कान' म्हणू लागले. कान गावातलं बोलणं ऐकायचा, शमन त्यावरून शून्य ते शंभर असा ठिणगी-अंक काढायची. दिवा हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पोलीस पाठवा.

पण यंत्राला काय कळतंय, कुठलं बोलणं म्हणजे काय ते? ते माणसांनीच शिकवायचं. आम्ही वीस जण दिवसभर कानाला हेडफोन लावून ध्वनिमुद्रणं ऐकायचो आणि प्रत्येक वाक्यावर खूण करायचो: थट्टा, तक्रार, राग, धमकी, किंवा विधी. विधी म्हणजे सणवार, रीतीभाती. आम्ही ज्या खुणा करू त्यावरून यंत्र शिकणार आणि मग देशभर तेच लावणार.

एके दुपारी माझ्या कानात गोदाकाकू ओरडली. ओढ्याकाठी नव्यानं बसवलेल्या कानानं आमची बोंब पकडली होती. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी तेच मुद्रण उघडलं होतं. ते खदाखदा हसत होते. "अरे, ऐक ऐक! कुठलं रानटी गाव आहे हे? आणि बायका आहेत बघ या!" मग एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "हर्षाली, तू त्या बाजूचीच ना? माहितीये का तुला हे गाव?"

मी म्हणाले, "नाही बाई. आमच्याकडे असलं काही नसतं."

आणि त्यांच्यासमोर, मान खाली घालून, एका तासाच्या एकेका वाक्यावर मी खूण करत गेले. धमकी. धमकी. धमकी. 'विधी'चा चौकोन तिथंच होता, बोटभर अंतरावर. तो दाबला असता तर खाली दोन ओळीत खुलासा लिहावा लागला असता, आणि 'तुला कसं माहीत?' हा प्रश्न आला असता. आक्काचाही आवाज होता त्यात. तिच्या शिवीवरही मी धमकी अशी खूण केली. कसली शिकलेली मी! जळो ते शिक्षण.

मोरथळ–भोंडेवाडीचा अंक एक्क्याण्णव आला. अख्ख्या राज्यात पहिला. पुढच्या बेंदराच्या आधी हुकूम निघाला की ओढ्यावर बायकांनी जमायचं नाही. पोलिसांची गाडी दोन दिवस काठावर उभी होती. आणि यंत्र तेवढ्यावर थांबलं नाही. ते माझ्याकडूनच शिकलं होतं ना! बोंबेसारखं जिथं जिथं काही ऐकू आलं, तिथं तिथं त्यानं लाल दिवा लावला. कुठं शिमग्याची शिवीगाळ, कुठं दोन आळ्यांची सवाल-जवाबाची भांडणं, अशा दोनशे तेरा रीती त्या वर्षी बंद झाल्या. डॉ. पळसुलेंनी मला बढती दिली.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला.

"हर्षे, तुझ्या कचेरीनं केलं म्हणं हे?"

"सरकारी हुकूम आहे, आक्का. शांततेसाठी."

"शांतता? अगं, सकाळधरनं दोन्ही गावच्या बाया दारात बसल्यात तोंड शिवून. गोदाकाकूनं डोक्याला फडकं बांधलंय." मग हसली. "जा गं, टवळे. फोनवरच देते तुला."

मीही हसले. माझ्या पडद्यावर आमच्या गावाचा दिवा हिरवा झाला होता. अंक एकदम चोवीसवर आला.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. भोंडेवाडीनं ओढ्याच्या कडेला एक पत्र्याची शेड बांधली. कशाला बांधली, कुणी विचारलं नाही. मोरथळच्या लोकांनी आपापसात ठरवलं की पाण्यावर पहारा द्यायला बांधली असणार. मग मोरथळच्या पोरांनी आपल्या काठावर एक झोपडी उभारली. ते बघून भोंडेवाडीवाल्यांना वाटलं, आता हे ओढा अडवणार. खरं तर ती शेड शेळ्यांसाठी होती. एरवी गोदाकाकूनं पहिल्याच बोंबेत विचारलं असतं, "एवढी शेड कशाला गं, नवऱ्याला कोंडायला?" आणि पलीकडून उत्तर आलं असतं, "शेळ्यांना गं भवाने, तुझ्यापेक्षा बऱ्या हायत!" संपला विषय. आता विषय संपायला जागाच उरली नव्हती.

बायकांचं येणंजाणंही आटलं. हुकुमामुळे नव्हे, आपोआपच. 'उगाच कशाला, कान ऐकतोय,' असं म्हणत लोक दबक्या आवाजात बोलू लागले. नंदूनं दाजींकडे जाणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, "ते लोक बदललेत आता, हर्षे. तुला पुण्यात बसून काय कळतंय?"

दुसऱ्या वर्षीही बोंब झाली नाही. दिवाळी उलटल्यावर एका शुक्रवारी दुपारी आक्काचा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"हर्षे, मला भ्या वाटतंय. ह्यांनी गोठ्यासाठी चाळीस लोखंडी पाइप सांगितल्यात. रविवारी ट्रॉली येणार. इथली माणसं म्हणत्यात, मोरथळवाले काठ्या जमवाय लागल्यात. आपला नंदू हाय का गं त्यात?"

"तू नंदूला फोन कर ना."

"केला. उचलत न्हाई. तू तुझ्या सायबाला सांग. एक तास द्या म्हणावं. बेंदूर नसला तरी चालंल. आमाला एक तास ओढ्यावर उभं राहू द्या. मी एकटी उभी ऱ्हाते आन् गोदाकाकूला बोलवा. सांगशील न्हवं?"

मी समोरच्या पडद्यावर पाहिलं. अंक एकोणीस. "आक्का, उगाच घाबरतेस. यंत्र म्हणतंय सगळं शांत आहे."

"यंत्राला म्हणावं, इथं कुणी बोलतच न्हाई, तर तू ऐकतंस काय?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिचं ते वाक्य मला बसू देईना. मी त्या दुपारी जुन्या नोंदी उघडल्या. चौदा हजार भांडणं. शमननं मोजलं होतं, एक बाजू दुसरीविषयी किती वाईट बोलते. एक बाजू दुसरीशी किती बोलते, हे कुणी मोजलंच नव्हतं, कारण प्रत्येक बाजूचं बोलणं वेगवेगळं मोजलेलं. मी ते मोजलं. तारखा लावल्या, बैठका, पत्रं, दूतांच्या भेटी, बाजारातली गाठभेट, अगदी सीमेवरच्या शिव्यासुद्धा मोजल्या. चार तासांत चित्र समोर आलं. बहुतेक युद्धांच्या आधी राग वाढलेलाच नव्हता. तो होता तेवढाच होता. आटलं होतं ते समोरासमोरचं बोलणं. कुणालाच लढायचं नसतं हो! पण पलीकडचा काय करतोय ते कळेनासं होतं. मग तो आधी मारेल या धास्तीनं आपण आधी मारायचं ठरवतो, आणि तिकडे तोही अगदी हेच ठरवत असतो. मोठ्या देशाचं सैन्य असो नाही तर भोंडेवाडीचे पाइप, गोष्ट एकच.

आणि बोंब? ती ठिणगी नव्हतीच. दोन गावांमध्ये उरलेलं ते सगळ्यात मोठं बोलणं होतं.

डॉ. पळसुले त्यांच्या खोलीतच होते. काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. वीस पावलं. मी उठले, आणि परत बसले. सांगायचं तर खुणा उघडाव्या लागणार, त्याखाली माझं नाव. ते विचारणार, 'तुला ठाऊक होतं?' हो म्हणावं लागणार. पुढच्या महिन्यात शमनच्या कामासाठी दिल्लीला जाणाऱ्या तुकडीत माझं नाव होतं. शिवाय माझी मांडणी चार तासांची, कच्ची. नीट तपासून सोमवारी सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. सोमवारी. आक्काला मी निरोप पाठवला, 'बोलते साहेबांशी. काळजी करू नकोस.'

रविवारी सकाळी ट्रॉली आली. दाजी आणि चौघे जण ओढ्याकाठी पाइप उतरवत होते. मोरथळहून नंदू आणि दहाबारा जण निघाले. नंदू नंतर पोलिसांना म्हणाला, आम्ही फक्त विचारायला निघालो होतो, पाइप कशाला आणले ते. विचारायला निघाले, पण रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून काठ्या घेतल्या. काठ्या घेऊन माणसं पाण्यात उतरलेली पाहून भोंडेवाडीवाले हाताला लागेल ते घेऊन धावले. हाताला पाइप लागले.

सगळं सात मिनिटांत आटोपलं. नंदूची काठी दाजींच्या डोक्यात बसली. दाजी ओढ्यातच गेले.

त्या सात मिनिटांत दिवा हिरवाच होता. मी ते मुद्रण नंतर ऐकलं. कुणी ओरडलंच नाही. पाण्याची खळखळ, धापा, लोखंडाचा आवाज आणि शेवटी आक्काची एक किंकाळी. तिच्यावर यंत्रानं आपणहून खूण केली होती: धमकी.

तेरा दिवस मी मोरथळलाच होते. पलीकडे जायची हिंमत झाली नाही. नंदू कोठडीत, आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. गोदाकाकूनं मला फक्त एकदा विचारलं, "तुझ्या त्या कानात माझा आवाज आला होता का गं? तू वळखला न्हाईस?" मी ओळखला म्हणाले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

पुण्याला परतल्यावर डॉ. पळसुलेंनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची ओढून दिली. "तुझ्या मेहुण्यांचं कळलं. फार वाईट झालं." त्यांच्या मागच्या पडद्यावर गावांची यादी होती. मोरथळ–भोंडेवाडीपुढे लिहिलं होतं: भाकीत अचूक.

"हे काय आहे, सर?"

"मूळ अंक एक्क्याण्णव होता ना? आणि शेवटी संघर्ष झाला. म्हणजे शमन बरोबरच होती. आपण बोंब बंद केली म्हणून तो दीड वर्ष लांबला, असं बघ."

"बोंब बंद केली म्हणूनच झाला, सर! ते गाव माझं आहे. त्या खुणा मी केल्यात. तो सण आहे हे मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम धमकी लिहिलं, कारण मला लाज वाटली." मग मी चौदा हजार भांडणांची माझी मांडणी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती वाचली. नीट वाचली, दोनदा. चष्मा काढून डोळे चोळले. "हे आधी का नाही आणलंस?"

"सोमवारी आणणार होते."

त्यांनी कागद जुळवून टेबलावर ठेवले. मग हळूच म्हणाले, "हर्षाली, दिल्लीनं यंत्रणा स्वीकारली आहे. उत्तरेच्या सरहद्दीवर लागूही झाली. तिथं दर मंगळवारी सकाळी साडेदहाला दोन्ही बाजूंचे अधिकारी फोनवर बोलतात. बोलतात कसले, अर्धा तास एकमेकांची आईबहीण काढतात. तुमची चौकी इतके फूट पुढे का सरकवली, तुमच्या गाड्या कशाला हलल्या, वगैरे. शमननं तो फोन सगळ्यात धोकादायक ठरवला. गेल्या आठवड्यापासून तो बंद आहे. सरहद्दीचा अंक सत्त्याऐंशीवरून बावीसवर आला. मंत्र्यांनी सभागृहात टाळ्या घेतल्या."

"सर, तो फोन सुरू करायला सांगा."

"काय सांगून? की आमच्या एका मुलीला गावाची लाज वाटली?"

मी लेखी दिलं. चार पानं, सहीनिशी. त्याची पोच मिळाली, त्यावर आवक क्रमांक आहे. नंतर माझी नोकरी गेली, ते ठीकच झालं.

या वर्षी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी मी मोरथळला गेले. सकाळी दहाला ओढ्यावर उभी राहिले, एकटीच. काठावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडे आक्काचं घर दिसत होतं, शेजारी अर्धवट राहिलेला गोठा. मी पदर खोचला आणि ओरडले.

"ए आक्के! सटवे! बाहेर ये! तुझी निळी ओढणी अजून माझ्याकडंच हाय, ये आन् घे!"

खांबावरचा दिवा पिवळा झाला. माझा आवाज फाटत होता, तरी ओरडत राहिले. "अगं ए कैदाशिणे, शिवी दे मला! तुझा संसार मी मोडला, मी! तोंड हाय का न्हाई तुला?"

आक्का दारात आली. काठापर्यंत चालत आली. पांढरी पडलेली, वाळलेली, डोक्यावरून नीट पदर घेतलेली. मी थांबले. तिनं तोंड उघडावं म्हणून मी देवाची मनातल्या मनात आळवणी केली. मुडदा बशिवला म्हण, काहीही म्हण.

तिनं आधी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओरडू नका, बाई," ती शांतपणे म्हणाली. "गाडी येईल पोलिसांची. पाणी हवंय का तुम्हाला?"

"आक्का, मला शिवी दे गं. एकच दे."

"शिव्या मी माझ्या माणसांना द्यायची," ती म्हणाली, आणि वळून घराकडे गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मी काठावर बसून राहिले. दिवा थोड्या वेळानं हिरवा झाला. दिवस मंगळवारचा होता. साडेदहा वाजले होते, सरहद्दीवरच्या त्या बंद फोनची वेळ.